अस्वलाचं नाक आणि आपला शिधा

जंगलात मुक्काम करणार असाल तर उरलेलं अन्न पुरू नका आणि शिध्याची पिशवी झाडालाही टांगू नका. यातली दुसरी सूचना अमेरिकेत डोंगर तुडवणाऱ्यांना बुचकळ्यात टाकेल. तिकडे शिधा दोरीने फांदीला टांगायचा, जमिनीपासून चारेक मीटर वर आणि खोडापासून दोनेक मीटर लांब, हीच वर्षानुवर्षांची शिकवण. पण ती शिकवण तिथल्या अस्वलांकडे बघून तयार झाली. मेळघाटात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत किंवा नवेगाव-नागझिऱ्यात गाठ पडेल ते अस्वल निराळं.

तिकडेही टांगण्याचा उपाय पुरला नाहीच. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९९८ या एका वर्षात अस्वलांनी माणसांच्या खाण्यासाठी केलेल्या उपद्रवाच्या दीड हजारांवर घटना नोंदल्या गेल्या. गाडीच्या दाराची वरची कड नखांनी धरून दार खाली वाकवणं त्यांना जमत होतं. टांगलेल्या पिशवीसाठी मादी पिल्लाला बारीक फांदीवर पाठवायची. मग लोखंडी कपाटं आली आणि आडरानात राहणाऱ्यांवर जाड प्लास्टिकच्या मजबूत डब्याची सक्ती झाली. हे डबे मोंटानातल्या वेस्ट यलोस्टोन गावी बंदिस्त ग्रिझली अस्वलांपुढे टाकून तपासतात. तासाभराच्या झोंबाझोंबीत टिकला तर डबा पास. तरी न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत ‘यलो-यलो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मादीने एका डब्याची कळ दाबून झाकण फिरवायची युक्ती शोधलीच. कंपनीने जोडीला दुसरी कळ बसवली. तीही तिने उघडली.

हे सगळं दोन गोष्टींवर चालतं, नाक आणि आठवण.

वास म्हणजे पदार्थातून सुटून हवेत तरंगणारे रेणू. पातळ पॉलिथीनमधून त्यातले बरेचसे हळूहळू बाहेर झिरपतात, आणि पिशवीला गाठ मारताना आपली तेलकट बोटं बाहेरून लागलेली असतात ती वेगळीच. म्हणून टूथपेस्ट, साबण, डोक्याचं तेल आणि बामसुद्धा अस्वलापुरतं ‘अन्न’ धरायचं. नाकाच्या करामतीचा एक मासला विदर्भातलाच आहे. बासमतीसारख्या सुवासिक तांदळाचा घमघमाट ज्या रेणूमुळे येतो, तो ‘टू-ॲसिटाइल-वन-पायरोलिन’ मोहाच्या फुलांतही सापडला आहे आणि वाघ झाडावर जी फवारणी करून हद्द आखतो, तिच्यातही. जंगलात फिरताना मध्येच शिजत्या भातासारखा वास येतो तो यामुळे. मात्र वासाची ओळख एका रेणूवर ठरत नाही, अनेकांच्या मिश्रणावर ठरते. मोहाखालची मेजवानी कुठली आणि वाघाची हद्द कुठली, यात अस्वलाची गफलत होत असेल असं मला तरी वाटत नाही.

आठवणीचं गणित जास्त वाईट. एकदा तंबूपाशी गूळ सापडला की अस्वल पुन्हा येतं. दहा वेळा काही मिळालं नाही आणि अकराव्यांदा मिळालं, तर सवय सुटण्याऐवजी पक्की होते. कधीतरीच मिळणारं बक्षीस प्राण्याला जास्त चिवट बनवतं, हे प्रयोगशाळेत कबुतरांवर आणि उंदरांवर वारंवार दिसून आलं आहे. छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यातल्या चंडी मंदिरात अस्वलं प्रसादासाठी येतात आणि भाविक कौतुकाने खाऊ घालतात. मला त्यात कौतुकापेक्षा धास्तीच जास्त वाटते.

आता आपलं अस्वल. हे मूळचं वाळवी खाणारं. वरचे मधले दोन पटाशीचे दात त्याला नसतात; त्या फटीतून, नाकपुड्या मिटून, वारुळातली वाळवी ते सुर्रकन ओढून घेतं. नखं लांब आणि बाकदार, उकरण्यासाठीच घडलेली. म्हणूनच खरकटं पुरण्यात अर्थ नाही. वितभर मातीखालचा वास त्याला लागतो आणि उकरणं तर रोजचंच काम. मधासाठी ते झाडावरही सरसर चढतं, त्यामुळे टांगलेल्या पिशवीचा भरवसा इथेही नाहीच. शिवाय हे अस्वल हिवाळ्यात झोपी जात नाही. डिसेंबरच्या शिबिरालाही तेच नियम लागू.

तंबू फाडून शिधा पळवण्याबद्दल त्याची ख्याती नाही, हे मान्य. पण वाघाच्या शेजारात वाढलेल्या या प्राण्याला अचानक कोणी समोर आलं की पळण्याऐवजी अंगावर जाणं ठाऊक आहे. अमेरिकेतले नियम शिधा वाचवतात आणि चटावलेलं अस्वल मारण्याची पाळीही टाळतात. आपल्याकडे शिधा गेला तर गेला. अंधारात दहा पावलांवर त्याची-आपली गाठ पडू नये, एवढ्यासाठी सगळी उठाठेव.

व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाहीच. परवानगीच्या जागी किंवा बाहेरच्या रानात राहणाऱ्यांसाठी हे सांगणं. चूल, शिधा आणि झोपायची जागा एकमेकांपासून शंभरेक मीटर लांब ठेवावी. शिधा घट्ट झाकणाच्या, कडीकुलपाच्या लोखंडी पेटीत असावा. ज्या कपड्यांवर भजी तळली ते अंगात घालून झोपू नये. खरकटं पुरायचं नाही, अर्धवट जाळायचंही नाही, डब्यात भरून गावात परत आणायचं. आणि तंबू ठोकण्याआधी मान वर करून झाड बघावं: पिकलेला उंबर असेल, शेजारी ताजं उकरलेलं वारूळ असेल, तर आपण त्याच्या पंगतीत पथारी टाकली आहे.

हौशी मंडळींचं हे जमेल. खरी अडचण गडचिरोली-गोंदियाकडे मोह वेचणाऱ्यांची, कारण तिथे अन्न पेटीत घालता येत नाही, ते झाडावरूनच पडतं. मार्च-एप्रिलमध्ये गोड, मांसल फुलं रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात. अस्वल रात्री येतं, माणूस तांबडं फुटायच्या आधी टोपली घेऊन पोचतो आणि खाली वाकून वेचतो. त्याच दिवसांत हिवाळ्यात जन्मलेली पिल्लं आईच्या पाठीवर बसून गुहेबाहेर पडलेली असतात. अशी आई कोणाची गय करत नाही. चांगलं उजाडल्याशिवाय झाडाखाली जाऊ नये, एकट्याने तर नाहीच, आणि वाटेत मोठ्याने बोलत जावं. पण उशीर केला तर फुलं गुरं खातात, दुसरं कोणी उचलतं. घरी बसून असा सल्ला देणं सोपं आहे, हे कबूल करायला हवं.

झाडाखाली जाळी बांधण्याचा उपाय मला म्हणून जास्त पटतो. फुलं जाळीत अलगद झेलली जातात, मातीला लागत नाहीत, आणि स्वच्छ म्हणून भावही बरा मिळू शकतो. जमीन साफ करायला खालचा पाला पेटवण्याची गरज उरत नाही, त्यातून लागणारे वणवे टळतात. वाकून वेचण्याचा वेळ वाचला की उजाडल्यावर गेलं तरी चालतं. वाळलेला मोह मात्र छपरीत पोत्यात ठेवू नये. पत्र्याच्या झाकणबंद कोठीत, घराच्या आतल्या बाजूला ठेवावा.