पंचांग सुधारणा (महाराष्ट्रातील)

पंचांगातील तिथी, ग्रहस्थिती व संक्रांती प्रत्यक्ष आकाशाशी जुळाव्यात यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेली चळवळ. आधुनिक खगोलगणित मराठी घरांत पोहोचले ते शाळेच्या पुस्तकांपेक्षा या वादातून अधिक. कारण प्रश्न एकादशी कधी धरायची आणि तिळगूळ कधी वाटायचा, हा होता.

त्याआधी पंचांगे प्रामुख्याने ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो शके 1442 (इ. स. 1520) मध्ये रचला. ज्या-चापांची (त्रिकोणमितीची) किचकट आकडेमोड टाळून साध्या गणिताने ग्रह काढण्याची त्यांची युक्ती अजोड होती. मात्र त्यातले वर्ष ‘सूर्यसिद्धान्त’ या प्राचीन ग्रंथातले, म्हणजे खऱ्या नाक्षत्र वर्षाहून (सूर्य पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येण्याच्या काळाहून) सुमारे साडेआठ पळांनी (साडेतीन मिनिटांनी) मोठे. एका पिढीला हा फरक कळतही नाही. शतकांनी तो साठतो.

चंद्राचे दुखणे वेगळे होते. जुन्या गणितात त्याच्या गतीचे संस्कार (दुरुस्त्या) पौर्णिमा-अमावास्येला बेतलेले असल्याने ग्रहणे बऱ्यापैकी जुळत, पण अष्टमीच्या सुमारास तिथी काही तासांनी चुके. ग्रहण लोकांना दिसते, अष्टमीची समाप्ती कोणाला दिसते? जुन्या पंचांगांवरचा विश्वास टिकला तो बहुधा यामुळेच. जुन्या मताने तिथी जास्तीत जास्त 65 घटींची (1 घटी = 24 मिनिटे) व कमीत कमी 54 घटींची (‘बाणवृद्धी रसक्षय’, म्हणजे 60 घटींवर पाचांची वाढ किंवा सहांची घट). दृक्‌गणिताने (प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या गणिताने) ती सुमारे 67 ते 50 घटींपर्यंत जाते. श्राद्ध-व्रतांचे निर्णय पहिल्या मर्यादेवर बसवलेले असल्याने शास्त्रीमंडळींनी ती सहज सोडली नाही, आणि त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता.

केरो लक्ष्मण छत्रे (1825–84) यांनी युरोपीय गणिताच्या आधारे 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि शके 1787 (इ. स. 1865) पासून नवे पंचांग काढले. आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळामुळे ते ‘पटवर्धनी’ म्हणून ओळखले गेले. छत्रे हे टिळकांचे गणिताचे प्राध्यापक. पुढे टिळकांनीच ही बाजू उचलून धरल्याने त्या परंपरेला ‘टिळक पंचांग’ हे नाव पडले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (1896) या ग्रंथाने वादाला इतिहासाचा भक्कम पाया दिला.

सूर्य-चंद्र कुठे आहेत यावर सुधारकांचे हळूहळू एकमत झाले. राशिचक्राचा आरंभ कुठे मानायचा, यावर मात्र झाले नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर दुर्बिणीतून मिळण्यासारखे नाही. छत्रे-टिळक पक्षाने रेवती नक्षत्रातील एक मंद तारा आरंभस्थानी धरली. व्यंकटेश बापूजी केतकरांनी ठळक चित्रा तारेच्या समोरचा बिंदू धरला. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर. सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो, म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत 10 जानेवारीच्या आसपास, तर इतरांची 14–15 जानेवारीला. खरी अडचण अधिक महिन्याची: ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो अधिक, त्यामुळे एखाद्या वर्षी दोन पंचांगांतले गणपती महिनाभराच्या अंतराने येतात.

मुंबई (1904), पुणे (1917) व सांगली (1920) येथे या वादावर परिषदा भरल्या. व्यवहारात मात्र चित्रापक्षाची सरशी झाली. सोलापूरचे दाते पंचांग त्याच बाजूचे.

केंद्र सरकारने 1952 मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी व ‘केसरी’चे ज. स. करंदीकर होते. समितीने धार्मिक गणनेसाठी चित्रापक्षाशी मिळतेजुळते अयनांश (वसंतसंपातापासून राशिचक्राच्या आरंभापर्यंतचे अंतर) घेतले आणि नागरी वापरासाठी ऋतूंना बांधलेली स्वतंत्र सौर दिनदर्शिका सुचवली. ती 22 मार्च 1957 (1 चैत्र, शके 1879) पासून लागू झाली. सरकारी राजपत्रावर ती तारीख छापली जाते. भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्ये लोक पाहतात ती चतुर्थीच. कोकणातली काही घराणी आजही टिळक पंचांगच पाळतात.