सोनाटा फॉर्म: आधी संगीत, नियम नंतर

मुंबई, पुण्यात किंवा गोव्यात पियानोच्या ग्रेड परीक्षा देणाऱ्या अनेकांची सोनाटाशी पहिली गाठ पडते ती मुत्सिओ क्लेमेंटीच्या ओपस ३६ (ओपस म्हणजे प्रकाशित रचनेचा क्रमांक) मधल्या पहिल्या सोनाटिनामुळे, म्हणजे छोट्या सोनाटामुळे. १७९७ सालच्या या रचनेची पहिली मूव्हमेंट (रचनेचा स्वतंत्र भाग) अवघी ३८ बारची आहे; बार म्हणजे लिपीत उभ्या रेघांनी पाडलेले तालाचे छोटे खंड. पहिले १५ बार एक्स्पोझिशन (धुनांची मांडणी), पुढचे ८ डेव्हलपमेंट (त्यांची भटकंती), उरलेले १५ रिकॅपिट्युलेशन (धुनांचं परतणं). सुरुवात सी मेजर या स्वरपट्टीत होते. आठव्या बारपर्यंत संगीत जी मेजरमध्ये पोचलेलं असतं. सोळाव्या बारला सुरुवातीचीच धून सी मायनरमध्ये, म्हणजे त्याच षड्जाच्या पण कोमल गांधाराच्या पट्टीत, ऐकू येते. चोविसाव्या बारला ती सी मेजरमध्ये, पण एक सप्तक खाली परतते आणि आधी जी मेजरमध्ये वाजलेला भागही आता सी मेजरमध्येच वाजतो.

हे तीन भाग पाठ झाले की सोनाटा फॉर्म कळला असं धरलं जातं. पण हे नाव रूढ झालं १८४० च्या दशकात, बर्लिनचे आडोल्फ बेर्नहार्ड मार्क्स यांच्या रचनाशास्त्रावरच्या ग्रंथामुळे. तोवर मोझार्ट, हायडन, बेथोव्हन, शूबर्ट आणि १८३२ मध्ये गेलेले क्लेमेंटी, यांपैकी कुणीही हयात नव्हतं. त्यांच्यापुढे असा तयार साचा नव्हता. त्यांना वारशात मिळाली होती दोन भागांची एक जुनी नृत्यरचना आणि स्वरपट्टी बदलून ताण निर्माण करण्याची रीत.

‘सोनाटा’ आणि ‘सोनाटा फॉर्म’ यांची गल्लत नेहमी होते. सोनाटा म्हणजे सहसा तीन-चार मूव्हमेंटची आख्खी रचना, तर सोनाटा फॉर्म म्हणजे बहुधा तिच्या पहिल्या मूव्हमेंटची बांधणी. सिंफनी आणि स्ट्रिंग क्वार्टेटच्या पहिल्या मूव्हमेंटही याच बांधणीत असतात. उलट १७०० च्या आसपासच्या सोनाटांमध्ये हा फॉर्म शोधू गेलं तर हाती काही लागत नाही.

सुरुवातीला गाण्यासाठी नसलेल्या, फक्त वाद्यांवर वाजवायच्या रचनेला सोनाटा म्हणत. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमधले ऑर्गनवादक जोव्हान्नी गाब्रिएली यांच्या १५९७ साली छापलेल्या एका सोनाटात आठ वादक चार-चारच्या दोन गटांत समोरासमोर वाजतात. कोणतं वाद्य कोणता भाग वाजवणार आणि कुठे हळू आवाजात, कुठे जोरात, हे त्यात लिहून दिलेलं आहे. त्या काळात ही विरळा गोष्ट होती. पुढे रोममध्ये आर्कांजेलो कोरेल्ली यांनी १६८१ ते १६९४ या काळात ४८ ट्रायो सोनाटा प्रसिद्ध केले. नावात तीन असले तरी वाजवायला सहसा चौघे लागतात: दोन व्हायोलिन, एक चेलो, आणि खालच्या स्वरांवर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) भरणारा ऑर्गन किंवा हार्प्सिकॉर्ड. चर्चसाठीच्या सोनाटात संथ-जलद-संथ-जलद असा क्रम असे, तर घरगुती मैफलीच्या सोनाटात नृत्यांची मालिका.

पुढचा सगळा इतिहास या नृत्यांतून निघतो. प्रत्येक नृत्याचे दोन भाग असत आणि दोन्ही दोनदा वाजत. पहिला भाग मूळ पट्टीतून निघून दुसऱ्या पट्टीत थांबे, दुसरा तिथून निघून घरी परते. रागसंगीताची सवय असलेल्या कानाला इथे एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. आपल्याकडे तानपुरा षड्ज धरून ठेवतो आणि सगळी वाटचाल त्याच्या आधाराने होते. इथे षड्जच हलतो. मेजर पट्टीतली रचना पहिल्या भागाअखेर पंचमाला नवा षड्ज मानू लागते (सी मेजर असेल तर जी मेजर). मायनर पट्टीतली रचना बहुतेक वेळा कोमल गांधारावरच्या मेजर पट्टीत जाते. कानाला मूळ षड्जाची ओढ लागलेली असते, आणि ती पुरी कधी आणि कशी करायची यावर रचनाकाराची सारी कारागिरी चालते.

डोमेनिको स्कार्लाती यांच्या ५५५ सोनाटांत हा टप्पा स्पष्ट दिसतो. नेपल्समध्ये १६८५ साली जन्मलेले स्कार्लाती लिस्बनमध्ये राजकन्या मारिया बार्बरा हिचे शिक्षक होते. लग्न होऊन ती स्पेनला गेली, तिच्यामागे तेही गेले. त्यांचे बहुतेक सोनाटा एकाच मूव्हमेंटचे आणि दोन भागांचे आहेत. पहिल्या भागाचा शेवट ज्या धुनांनी दुसऱ्या पट्टीत होतो, त्याच धुना दुसऱ्या भागाच्या शेवटी मूळ पट्टीत येतात. सोनाटा फॉर्मचा गाभा इथे तयार आहे: परक्या पट्टीत ऐकलेलं घरच्या पट्टीत आणून सोडवायचं. मात्र रचनेची सुरुवातीची धून दुसऱ्या भागाच्या मध्यावर दिमाखात परतण्याची गोष्ट स्कार्लातींकडे क्वचितच घडते.

तो बदल अठराव्या शतकाच्या मध्यावर रुळला. दुसऱ्या भागात मूळ पट्टी आणि मूळ धून एकदमच परतू लागल्या. हा क्षण ठसायचा, तर त्याआधीची भटकंती लांबवावी लागते, आणि त्यातून डेव्हलपमेंट वाढत गेली. क्लेमेंटींच्या त्या छोट्या रचनेत ती ८ बारची आहे, मोझार्टच्या के. ५४५ या पियानो सोनाटात (के. म्हणजे क्योखेल यांच्या यादीतला क्रमांक) १३ बारची. बेथोव्हनच्या ओपस २ मधल्या पहिल्या सोनाटात एक्स्पोझिशन ४८ बारचं आणि डेव्हलपमेंट ५२ बारची आहे, म्हणजे मधला प्रदेश आता सुरुवातीपेक्षा मोठा झाला. तरीही के. ५४५ आणि ओपस २ या दोन्हींत जुन्या नृत्याप्रमाणे दोन्ही भागांना पुनरावृत्तीच्या खुणा आहेत. जर्मन सिद्धान्तकार हाइनरिश क्रिस्टोफ कोख यांनी १७९३ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात अशा मूव्हमेंटचे दोनच भाग सांगितले, दुसऱ्यात दोन मोठी प्रकरणं धरून. त्या काळच्या संगीताला हे वर्णन मला मार्क्स यांच्या तीन भागांपेक्षा जास्त खरं वाटतं.

मार्क्स यांनी बेथोव्हनला समोर ठेवून मांडणी केली आणि भर दिला तो धुनांवर: जोरकस पहिली, नाजूक दुसरी. विद्यार्थी अडखळतात ते इथेच. ते दुसरी, वेगळ्या स्वभावाची धून शोधत बसतात, आणि हायडनच्या बऱ्याच मूव्हमेंटमध्ये ती सापडतच नाही, कारण हायडन पहिलीच धून पंचमाच्या पट्टीत पुन्हा वाजवतात. बेथोव्हनच्या त्याच ओपस २ च्या पहिल्या सोनाटात पहिली धून एफ मायनरमध्ये कॉर्डच्या स्वरांवरून वर चढते, तर दुसरी ए फ्लॅट मेजरकडे जाताना जणू तिचंच प्रतिबिंब होऊन खाली उतरते. म्हणून विश्लेषण करताना धून आधी शोधू नये. प्रथम पुनरावृत्तीची खूण पाहावी आणि तिच्या आधीचा थांबा कोणत्या पट्टीत आहे ते ठरवावं. मग मागे जात त्या पट्टीचा नवा शार्प (अर्धा स्वर चढवणारी खूण) किंवा नॅचरल (स्वर मूळ जागी आणणारी खूण) पहिल्यांदा कुठे आला आणि कुठून टिकला ते शोधावं. एकदाच येऊन गेलेला एफ शार्प म्हणजे जी मेजर नव्हे. नव्या पट्टीत पक्का कॅडेन्स (वाक्य संपल्यासारखा थांबा) झाला, तरच मुक्काम हलला असं म्हणता येतं.

दुसरी चूक रिकॅपिट्युलेशन ओळखताना होते. बेथोव्हनच्या ओपस १० च्या दुसऱ्या सोनाटात, पट्टी एफ मेजर असताना, पहिली धून डी मेजरमध्ये परतते. ऐकणारा घरी पोचल्याच्या भ्रमात असतानाच संगीत काही बारांनी एफ मेजरकडे वळतं. मोझार्टच्या के. ५४५ मध्ये, १७८८ साली त्यांनी स्वतःच्या यादीत ‘नवशिक्यांसाठी’ अशी नोंद केलेल्या रचनेत, बेचाळिसाव्या बारला धून सी मेजरऐवजी मध्यमावर, एफ मेजरमध्ये येते. यावर आळसाचा आरोप होतो: सी ते जी हे पाच स्वरांचं अंतर जसंच्या तसं उचलून एफ ते सी केलं की मधला जोडभाग नव्याने लिहावा लागत नाही. पण बार मोजले की आरोप टिकत नाही. एक्स्पोझिशन २८ बारचं, हा भाग ३२ बारचा. स्वरांच्या धावत्या ओळी मोझार्टनी डाव्या हातात नेऊन मुद्दाम वाढवल्या आहेत.

बेथोव्हननी पंचमाची सक्तीही सोडली. १८०३-०४ च्या ओपस ५३ मध्ये सी मेजरनंतर मुक्काम शुद्ध गांधारावर, ई मेजरमध्ये पडतो आणि रिकॅपिट्युलेशनमध्ये ती धून आधी धैवतावर, ए मेजरमध्ये येऊन मग सी मेजरला मिळते. त्यानंतरच्या ओपस ५७ च्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये एक्स्पोझिशनची पुनरावृत्तीच नाही. शोपँच्या ओपस ३५ मध्ये रिकॅपिट्युलेशनला पहिली धून परततच नाही, थेट दुसरी येते. लिस्ट यांनी १८५३ मध्ये पूर्ण केलेला बी मायनर सोनाटा तर ७६० बारची सलग एकच मूव्हमेंट आहे. आणि जॉन केज यांनी १९४६ ते १९४८ मध्ये तारांत स्क्रू आणि रबर अडकवलेल्या पियानोसाठी लिहिलेल्या १६ सोनाटांपैकी बहुतेकांत पुन्हा स्कार्लातींसारखे दोन भाग, दोन्ही दोनदा वाजणारे.

पुनरावृत्ती घ्यायची की नाही, हा वादकापुढचा रोजचा प्रश्न याच इतिहासातून आला आहे. वेळ वाचवण्यासाठी ती सर्रास गाळली जाते. शोपँच्या ओपस ३५ मध्ये ती अगदी सुरुवातीच्या चार संथ बारांपासून घ्यायची की त्यांच्यानंतर, यावर अजून वाद आहे. शूबर्टच्या १८२८ सालच्या बी फ्लॅट मेजर सोनाटात निर्णय सर्वांत जड. तिथे परत सुरुवातीकडे नेणारे नऊ बार फक्त पुनरावृत्तीसाठी लिहिलेले आहेत. मूव्हमेंटच्या आरंभी अगदी दबक्या आवाजात ऐकलेला खर्जातला ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची जलद आलटापालट) त्या नऊ बारांत पूर्ण जोराने येतो, तेवढा जोर त्याला पुढे कुठेच मिळत नाही. आल्फ्रेड ब्रेंडल यांच्यासारख्या थोर वादकानेही हे बार गाळले. तरी मला वाटतं, ते वाजवावेत, मूव्हमेंट वीस मिनिटांवर गेली तरी.