दुसऱ्याची कविता वाचण्याची बैठक

घरच्या बैठकीत आपल्या आवडीची, पण दुसऱ्या कोणाची तरी कविता वाचून दाखवायची, ही रीत मराठीत कविसंमेलनाइतकी जुनी नाही. तिच्याआधी होतं ते काव्यगायन. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. आणि मनोरमा रानडे ही मंडळी रविवारी चहाला भेटत आणि एकमेकांना कविता ऐकवत. यशवंत आणि गिरीश चालीवर म्हणत. ते लोकांना इतकं आवडलं की शाळा-कॉलेजांतून काव्यगायनाची साथच आली. अत्र्यांच्या विडंबनांनाही या मंडळाच्या कवितेतून खाद्य मिळालं.

पण चाल एकदा लागली की ती अर्थाला पुढे ढकलत नेते. मर्ढेकरांनंतर ही अडचण उघड झाली. त्यांची ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ ही ओळ मोजून पाहा : आठ मात्रा, पुन्हा आठ मात्रा. हा ठेका धरून म्हटलं तर मेलेल्या उंदरांचं बडबडगीत होतं. ठेका अजिबात सोडला तर त्यातला यंत्राचा खटका जातो. वाचायचं बोलण्याच्या गतीने, आठव्या मात्रेवर किंचित टेकून. जोर मात्र ‘मेले’वर हवा, यमकावर नको.

पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि पाडगावकर या तिघांनी गावोगाव फिरून कविता ऐकवली. तिकडे बोरकर आणि सुरेश भट गात राहिले. तरी हे सगळे स्वतःचंच म्हणत होते. आजच्या बैठकीचं खरं मूळ मला पु. ल. आणि सुनीताबाईंच्या काव्यवाचनात दिसतं. दोघेही कवी म्हणून उभे नव्हते. बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू यांच्या कविता त्यांनी वाचक म्हणून लोकांपुढे ठेवल्या. सुनीताबाईंचं पाठांतर तर ख्यातच होतं.

घरात आठ-दहा माणसं पुरतात. प्रत्येकी दोन कविता, मिळून पाच मिनिटं. पंधरा जण झाले की शेवटच्याची कविता चपला शोधण्यात जाते. आधी फक्त कवीचं नाव सांगावं. अर्थ आधीच सांगितला की ऐकणारे तोच शोधत बसतात. छोटी कविता सरळ दोनदा वाचावी, दुसऱ्यांदा ती जास्त पोचते. मोबाईलवरून वाचताना स्क्रीन अरुंद पडते, लांब ओळ मधेच मोडते आणि वाचणारा तिथेच थांबतो. मुक्तछंदाचा तर याने पार विचका होतो. हाताने उतरवून घेतलेला कागद बरा, उतरवताना अर्धी पाठही होते. आणि ‘माझीही एक आहे’ असं कोणी म्हणालं, तर ती चहानंतर. एकाने स्वतःची काढली की बाकीच्यांचेही खिसे चाचपले जातात, आणि मग त्या संध्याकाळी बोरकर राहूनच जातात.