टॉरेंटची सावड आणि उघडा पत्ता

भाच्याचा जुना लॅपटॉप विंडोजच्या ओझ्याखाली धापा टाकत होता, म्हणून त्यावर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलं. फाइल तीन जीबीच्या आसपासची. ब्राउझरमधून उतरवताना दोनदा नेट गेलं आणि दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तिसऱ्या वेळी मी त्याला मिंटच्याच अधिकृत पानावरची टॉरेंटची लिंक घ्यायला सांगितली. क्यूबिटटॉरेंट या टॉरेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उतरायला लागली, आणि त्याने सहज खालचा 'पीअर्स' हा टॅब उघडला. एकाखाली एक ओळी. प्रत्येक ओळीत एका देशाचा छोटा झेंडा, एक आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखायचा क्रमांक), समोरचा माणूस कुठलं सॉफ्टवेअर वापरतोय त्याचं नाव आणि त्याच्याकडे फाइल किती टक्के आहे तो आकडा.

"मामा, हे सगळे कोण?"

"तुला फाइल देणारे. काही तुझ्याकडून घेणारे."

तो जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनाही मी असाच दिसत असेन?"

दिसतो. अगदी असाच, झेंड्यासकट. हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला याचा मला फार आनंद झाला, कारण वर्षानुवर्षं टॉरेंट वापरणाऱ्या कितीतरी जणांना तो पडलेलाच नसतो.

आधी हे यंत्र चालतं कसं ते बघू. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००१ साली बिटटॉरेंटची पद्धत रचली. नेहमीच्या डाउनलोडमध्ये एक सर्व्हर सगळ्यांना पुरवतो, म्हणून मागणी वाढली की तो गुदमरतो. कोहेननी गणित उलटं मांडलं: ज्याला फाइलचा एक तुकडा मिळाला, त्याने तो लगेच पुढच्याला द्यायला लागायचं. म्हणजे घेणारे वाढले की देणारेही वाढतात.

आपल्याकडे शेतीत सावड असते. आज पाच जण माझ्या रानात, उद्या तेच पाच जण तुझ्या रानात, मजुरीचा व्यवहार नाही. जो दुसऱ्याच्या बांधावर जात नाही, त्याच्या पेरणीला कोणी येत नाही. टॉरेंटचं सॉफ्टवेअर नेमका हाच हिशोब ठेवतं. आपल्याला सर्वाधिक वेगाने तुकडे देणारे मोजके जण निवडून ते त्यांना उलट माल देतं, आणि ही निवड साधारण दर दहा सेकंदांनी नव्याने करतं. पण मग नवखा आला तर? त्याच्याकडे द्यायला काहीच नाही, त्याला सावडीत घेणार कोण? त्यासाठी दर तीस सेकंदांनी एक जागा नशिबावर सोडलेली असते. हिशोब न बघता कोणालातरी तुकडे दिले जातात, आणि त्या पहिल्या तुकड्याच्या भांडवलावर नवखा सावडीत उभा राहतो. मला या सगळ्या रचनेत ही एक जागा सर्वांत आवडते. ज्यांची फाइल पूर्ण झाली आहे आणि तरी जे देत राहतात, ते सीडर. त्यांचं काम सावडीपेक्षा इर्जिकीच्या जवळचं, फेडीची अपेक्षा न ठेवता केलेलं.

तुकडे क्रमाने येत नाहीत, हे नवख्याला विचित्र वाटतं. सगळ्यांनी सुरुवातीपासून घ्यायला सुरुवात केली, तर पहिले तुकडे शंभर जणांकडे आणि शेवटचे एकाच सीडरकडे अशी अवस्था होईल. तो सीडर लॅपटॉप मिटून झोपायला गेला, की शंभर जण अडकले. म्हणून जो तुकडा सगळ्यांत दुर्मिळ, तो आधी घ्यायचा असा नियम आहे.

आता खरी करामत. अनोळखी माणसांकडून आलेला तुकडा खरा कशावरून? टॉरेंट तयार करताना प्रत्येक तुकड्याचा एक गणिती ठसा काढतात. मूळ पद्धतीत हा ठसा वीस बाइटचा. तीन जीबीच्या फाइलचे एक-एक एमबीचे तुकडे केले तर सुमारे तीन हजार तुकडे होतात, आणि त्यांचे सगळे ठसे मिळून जेमतेम साठ केबी. ही एवढीशी यादी हातात असली की आलेला प्रत्येक तुकडा तिच्याशी ताडून बघता येतो. एक बिट इकडचा तिकडे असला तरी ठसा जुळत नाही, तुकडा फेकून दिला जातो आणि दुसऱ्याकडून मागवला जातो. देणारा माणूस कसा आहे हे जाणून घ्यायची गरजच उरत नाही. टॉरेंटच्या फाइलऐवजी वापरायच्या मॅग्नेट लिंकमध्ये तर या सगळ्या माहितीचा मिळून एकच ठसा असतो, आणि तेवढ्यावर उरलेली यादी इतर पीअरकडून मिळवून तपासली जाते.

याचं मोल २० फेब्रुवारी २०१६ ला दिसलं. त्या दिवशी हल्लेखोरांनी लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात घुसून १७.३ आवृत्तीच्या सिनॅमन प्रकाराची डाउनलोडची लिंक बदलली. तिथून फाइल घेणाऱ्यांच्या संगणकात चोरदरवाजा असलेली प्रत पोहोचली. प्रकल्पाने लगेच जाहीर केलं की ज्यांनी टॉरेंटने प्रत घेतली त्यांना धोका नाही. अधिकृत पानावरच्या बदललेल्या लिंकची फाइल बाधित होती, आणि अनोळखी लोकांकडून तुकड्यातुकड्याने आलेली फाइल शुद्ध.

पण ठसा एवढंच सांगतो की टॉरेंट बनवणाऱ्याने जे ठेवलं तेच तुम्हाला मिळालं. त्याने मुळातच विष ठेवलं असेल, तर ते विषही अगदी बिनचूक पोहोचतं. म्हणून टॉरेंट कुठून घेतलं याला महत्त्व आहे. चित्रपटाच्या नावाने आलेल्या फाइलच्या शेवटी 'डॉट ईएक्सई' असेल तर ती उघडायची नाही. विंडोज हे शेपूट मुळात लपवून ठेवतं, ते दाखवायची सोय आधी चालू करून घ्या. सॉफ्टवेअरही त्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्या आणि अद्ययावत ठेवा. तरीही सावध राहा: मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या लोकप्रिय टॉरेंट सॉफ्टवेअरच्या मॅकसाठीच्या अधिकृत प्रतीतच काही काळ खंडणीखोर व्हायरस घुसवला गेला होता.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. सावडीत कोण कोणाच्या रानात आहे हे सगळ्या शिवाराला दिसतं. टॉरेंटही तसंच उघड्यावर चालतं. माल पाठवायचा तर पत्ता लागतो, म्हणून त्या फाइलच्या गटातल्या प्रत्येकाला तुमचा आयपी पत्ता कळतो. गटात शिरायला कोणाची परवानगी लागत नाही. कॉपीराइटवाल्यांनी नेमलेल्या कंपन्या, संशोधक, रिकामटेकडे, कोणीही आत येऊन यादी उतरवू शकतं. सेटिंगमध्ये 'एन्क्रिप्शन' असा शब्द दिसतो आणि लोक निश्चिंत होतात. ती सोय मुख्यतः नेट कंपनीने टॉरेंट ओळखून वेग कमी करू नये म्हणून आली. गटातल्या लोकांपासून ती काहीही लपवत नाही.

आयपी पत्त्यावरून तुमचं नाव थेट कळत नाही. नेट कंपनीला मात्र तो पत्ता त्या वेळी कोणाकडे होता हे माहीत असतं. मोबाइल कंपन्या आणि बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात, तेव्हा आपण गर्दीत हरवलो असं वाटू शकतं. पण कोणत्या क्षणी कोणता पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यातला उपक्रमांक, कोणाला दिला होता याचीही नोंद ठेवता येते. या वाटपाचा आणखी एक परिणाम असा की बाहेरून कोणी आपल्याशी जोडणी सुरू करू शकत नाही, आपणच दुसऱ्यांकडे जावं लागतं. कमी सीडर असलेली फाइल मोबाइल हॉटस्पॉटवर तासन् तास हलत नाही, त्याचं एक कारण बऱ्याचदा हेच असतं.

इथे कायद्याचं एक अंग नीट समजून घ्यायला हवं. टॉरेंटने घेताना तुम्ही त्याच वेळी वाटतही असता. म्हणून 'मी फक्त बघायला घेतला' हे म्हणणं तांत्रिकदृष्ट्याच खोटं पडतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड आहे. आणि खरं सांगायचं तर चोरीचा माल घ्यायची गरजही नाही. डेबियन, उबुंटू, लिबरऑफिस ही मुक्त सॉफ्टवेअर अधिकृत टॉरेंटने मिळतात. इंटरनेट अर्काइव्ह २०१२ पासून आपल्या संग्रहाची टॉरेंट देतं, आणि तिथे जुन्या मराठी पुस्तकांच्या प्रतीही आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ पासून सगळ्यांचं झालं.

मग सगळं कायदेशीर असताना लपवायचं कशाला, असं भाच्यानेही विचारलं. माझं उत्तर साधं आहे. मी कुठलं पुस्तक उतरवतो, रात्री किती वाजता जागा असतो, माझा संगणक कुठल्या पत्त्यावर आहे, हे अनोळखी लोकांच्या यादीत जाण्याचं काही कारण नाही. घराचं दार आपण चोरी केली म्हणून लावत नाही.

दार लावायचा नेहमीचा मार्ग म्हणजे व्हीपीएन. तुमची सगळी वाहतूक आधी त्यांच्या सर्व्हरकडे जाते आणि गटाला त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. पण विश्वास यात नाहीसा होत नाही, तो नेट कंपनीवरून उठून व्हीपीएन कंपनीवर जाऊन बसतो. म्हणून फुकटातल्या अनोळखी व्हीपीएनबद्दल मी फार सावध असतो. सर्व्हर चालवायचा खर्च कुठून तरी निघतच असतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले, की व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता आणि दिलेले आयपी पत्ते यांची माहिती पाच वर्षं जपावी. त्यानंतर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. घेण्याआधी कंपनी कसली नोंद ठेवते, तिची स्वतंत्र तपासणी झाली आहे का, हे वाचायला अर्धा तास द्या.

टॉर मात्र यासाठी वापरू नका. ते पत्ता लपवण्यासाठीचं, स्वयंसेवकांच्या जोरावर चालणारं जाळं आहे, मोठ्या फाइलींनी ते तुंबतं. शिवाय काही टॉरेंट सॉफ्टवेअर स्वतःच आपला खरा पत्ता निरोपात लिहून पाठवतात किंवा प्रॉक्सीला, म्हणजे मधल्या सर्व्हरला, वळसा घालतात, हे टॉर प्रकल्पाने २०१० मध्येच स्पष्ट सांगितलं आहे.

भाच्याच्या लॅपटॉपवर आम्ही शेवटी दोन गोष्टी बदलल्या. पहिली अपलोडची मर्यादा. अपलोडची वाट पूर्ण भरली की घरातलं सगळं नेट अडखळतं, म्हणून ती क्षमतेच्या सुमारे तीन चतुर्थांशावर आणली. मोबाइल डेटावर असाल तर लक्षात ठेवा, दिलेला माल रोजच्या जीबीतूनच कापला जातो. दुसरी जास्त महत्त्वाची. व्हीपीएन मध्येच तुटलं की टॉरेंट गुपचूप साध्या नेटवर सुरू राहतं आणि खरा पत्ता क्षणात गटात पोहोचतो. क्यूबिटटॉरेंटच्या प्रगत सेटिंगमध्ये 'नेटवर्क इंटरफेस' असा पर्याय आहे, म्हणजे नेटची कुठली वाट वापरायची ते. तिथे व्हीपीएनचा इंटरफेस निवडला की टॉरेंट दुसऱ्या वाटेने जातच नाही. निवडून झाल्यावर लगेच तपासा: फाइल उतरत असताना व्हीपीएन हाताने बंद करा आणि वेगाच्या आकड्याकडे बघा. तो काही सेकंदांत शून्यावर यायला हवा. आमचा पहिल्या खेपेला आला नाही. भाच्याने इंटरफेस चुकून वायफायचा निवडला होता.