जास्त तापमान म्हणजे जास्त टिकणारे कर्ल?

‘230 डिग्रीचाच मल्टिस्टायलर (केस कुरळे-सरळ करायचं मशीन) घ्या, कमी तापणाऱ्याचे कर्ल टिकत नाहीत’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा वाटतो, पण खरा नाही.

केसातल्या केराटिन या प्रथिनात हायड्रोजन बंध असतात. ते उष्णतेने सुटतात आणि केस गार होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणजे कर्ल पक्का होतो तो गार होताना. बारीक केसांना साधारण 150 आणि जाडांना 180 डिग्री बहुतेकदा पुरतात. 200 च्या पुढे केराटिनलाच इजा होऊ लागते.

घरीच बघा. एकाच तापमानावर दोन बटा गुंडाळा. एक लगेच मोकळी सोडा, दुसरी गुंडाळलेलीच क्लिपने टाळूला लावा आणि पूर्ण गार झाल्यावर सोडा. तासाभराने आरशात फरक दिसेल. माझी मोकळी सोडलेली बट तेवढ्यात खांद्यावर सरळ लोंबत होती!

हेच बंध पाण्यानेही सुटतात. म्हणून जुलैत संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर एक फेरी मारली की कर्ल ढिले पडतात. त्यात मशीनचा दोष नाही. ओले केस मात्र गरम रॉडवर कधीच गुंडाळू नका, चर्र आवाज आला तर आतलं पाणी उकळतंय समजा.

महाद्वार रोडला खरेदीला गेलात तर कमाल आकडा राहू द्या. तापमान कमी-जास्त करता येतं का, टोक गार राहतं का, वायर गोल फिरते का, एवढं हातात धरून बघा.