टेबल निवडताना आधी मूल बघा: वॉल्ट डिस्ने वर्ल्डला निघालेल्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक

ऑर्लँडोची सहल ठरवताना बहुतेक कुटुंबं राइड्सची यादी पक्की करून आमच्याकडे येतात. जेवणाचं विचारलं की उत्तर मिळतं, "ते तिथे गेल्यावर बघू." वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये हे चालत नाही. तिथली कित्येक रेस्टॉरंटं म्हणजे बसून अनुभवायच्या राइड्सच आहेत. कुठे मोटारीत बसून जेवायचं, कुठे शार्क फिरतात त्या काचेसमोर, तर कुठे पायाखालची जमीनच हळूहळू फिरत असते. अशी टेबलं आधीच भरलेली असतात. आणि घाईत मिळेल ते घेतलं, तर पैसे जातात आणि मूल रडवेलं होतं.

आमचा सल्ला असा: आठवड्याच्या सहलीत अशी दोन, फार तर तीन जेवणं ठेवा. एकेका जेवणाला सव्वा-दीड तास लागतो, जाणं-येणं धरलं तर दोन तास सहज जातात. ती दोन-तीन निवडताना रेस्टॉरंटचं नाव किती गाजलंय ते नंतर बघा. आधी आपल्या मुलाचा स्वभाव बघा, मग त्या दिवसाचं वेळापत्रक.

पात्रं टेबलापाशी येतात तेव्हा

सगळ्यात जास्त मागणी असते ती पात्रांसोबतच्या जेवणाला. तुम्ही जागेवर बसून जेवता आणि मिकी, गूफी, डोनाल्ड एकेका टेबलाशी येतात, फोटो काढू देतात, सही देतात. पार्कात याच पात्रांना भेटायला वेगळ्या रांगा असतात. त्या वाचतात, म्हणून या जेवणाचे जास्तीचे पैसे बरेचदा वसूल होतात.

पण इथे एक फरक समजून घ्या. मिकी, गूफी, प्लूटो अशी मोठ्या मुखवट्यातली पात्रं बोलत नाहीत, हातवाऱ्यांनीच सगळं सांगतात. राजकन्यांचा चेहरा उघडा असतो, त्या मुलांशी गप्पा मारतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाला सहा फुटी, न बोलणारा, हसऱ्या चेहऱ्याचा कुत्रा अंगावर येताना कसा दिसत असेल, विचार करा. आमच्या एका ग्राहक कुटुंबातली चार वर्षांची मुलगी घरी मिकीच्या बाहुलीशिवाय झोपत नसे. खरा मिकी टेबलाशी आला, तशी ती आजीच्या ओढणीत तोंड खुपसून बसली ती शेवटपर्यंत. मिकी तिथून गेला नाही. तो चार पावलं मागे सरकला, गुडघ्यावर बसला आणि लांबूनच हात हलवत राहिला. निघताना तिने ओढणीतून एक बोट बाहेर काढलं आणि हलवलं. आईवडिलांनी ओढून फोटोसाठी उभं केलं असतं, तर ते एक बोटही दिसलं नसतं. म्हणून लहान मुलाला सहलीच्या पहिल्या दिवशी थेट अशा जेवणाला नेऊ नका. आधी परेडमध्ये पात्रं लांबून दिसू देत, जेवण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवा.

अगदी लहानग्यांसाठी मॅजिक किंगडम या पार्कातलं क्रिस्टल पॅलेस आम्हाला आवडतं. हे पार्क १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलं तेव्हापासूनची ही काचेच्या छताची इमारत आहे. भरपूर उजेड, बुफे, आणि विनी द पू, टिगर, पिगलेट, ईयोर ही मवाळ मंडळी. मिकीचाच हट्ट असेल तर कंटेम्पररी हॉटेलातलं शेफ मिकीज बघा. तिथे मोनोरेल इमारतीच्या पोटातून जाते, आणि गाड्यांचं वेड असलेली मुलं पात्रांइतकीच तिच्याकडे बघत बसतात. मात्र तिथे गोंगाट खूप असतो. आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलाला रिव्हिएरा हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या टोपोलिनोज टेरेसची न्याहारी जास्त मानवेल.

राजकन्यांसाठी सगळ्यांच्या तोंडी एकच नाव असतं, ते मॅजिक किंगडमच्या किल्ल्यातल्या सिंड्रेलाज रॉयल टेबलचं. प्रत्यक्ष किल्ल्यात जेवण्याची हौस असेल तर त्याला पर्याय नाही. पण मुलीला राजकन्याच भेटायच्या असतील, तर एपकॉट या पार्कातल्या नॉर्वे पॅव्हिलियनमधलं (नॉर्वे देशाच्या दालनातलं) आकर्सहूस बघा. राजकन्या तिथेही टेबलाशी येतात. फक्त एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा: नॉर्वे पॅव्हिलियन 'फ्रोझन' चित्रपटातल्या एल्सा-ॲनासाठी प्रसिद्ध असलं, तरी त्या दोघी या जेवणाला येत नाहीत. त्यांची भेट शेजारच्या रॉयल सॉमरहूसमध्ये, वेगळ्या रांगेत होते. हे न सांगता गेलेल्या मुली ताटासमोर बसून दाराकडे डोळे लावून असतात.

बुफेत एक मोठं माणूस कायम टेबलाशी राहू दे. सगळे एकदम ताट वाढायला गेलात की नेमकं तेव्हाच पात्र येऊन जातं. सहीच्या वहीसोबत जाड पेन घ्या, हातमोजे घातलेल्या बोटांत बारीक पेन धरता येत नाही.

पात्रं नसलेली, पण गोष्ट असलेली टेबलं

मोठ्या मुलांना आणि भिडस्त मुलांना अशी जागा जास्त रमवते, हा आमचा अनुभव.

एपकॉटमधलं गार्डन ग्रिल खरं तर दोन्हीकडे मोडतं. चिप आणि डेल या खारी टेबलाशी येतात, आणि अख्खं रेस्टॉरंट संथपणे गोल फिरत असतं. खालून लिव्हिंग विथ द लँड या राइडच्या बोटी जातात. जेवता जेवता वर्षावन, वाळवंट, गवताळ माळ असे देखावे समोरून सरकतात. त्याच इमारतीतल्या हरितगृहात पिकलेल्या काही भाज्या ताटात येतात. जेवणानंतर बोटीत बसून ती हरितगृहं बघितली की मुलांना दोन्हींचा धागा जुळतो. हात धुवून परत येताना टेबल मूळ जागी नसतं, म्हणून मुलांना एकटं पाठवू नका.

तिथून थोड्याच अंतरावर कोरल रीफ आहे. समोर काचेची भिंत, मागे ५७ लाख गॅलनची मत्स्यटाकी, त्यात शार्क, कासवं, पाकट. कुणी पात्र टेबलाशी येत नाही, काही करावं लागत नाही, नुसतं बघायचं. अनोळखी माणूस जवळ आला की आक्रसणाऱ्या मुलाला याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही. काचेजवळचं टेबल मिळेलच याची हमी कुणी देत नाही, पण दारात शिरताना नम्रपणे विचारा आणि त्यासाठी थोडं थांबायची तयारी ठेवा.

हॉलिवूड स्टुडिओजमधलं साय-फाय डाइन-इन थिएटर फोटोत फार सुरेख दिसतं. अंधार, वर चांदणं, जुन्या धाटणीच्या मोटारी आणि समोर पडद्यावर १९५०च्या काळातल्या विज्ञानपटांचे तुकडे. पण मोटारीत सगळे एकामागे एक, पडद्याकडे तोंड करून बसतात. एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. मागच्या रांगेतल्या लहान मुलाला भरवायचं तर मान वळवून भरवावं लागतं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे जाम आवडतं, दोन वर्षांच्या मुलाबरोबर मात्र जेवण म्हणजे कसरत होते. तिथल्याच फिफ्टीज प्राइम टाइम कॅफेत वाढणारी मंडळी घरातल्या मावशी-काकांसारखी रागावतात, "कोपर टेबलावरून काढ, भाजी संपव." गंमत म्हणून चाललेलं असतं, पण सगळं इंग्रजीत आणि भरभर. हळवं मूल किंवा भाषा न कळणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना आधी समजावून न्या. मुलं खेळकर असतील तर याच पार्कातलं राउंडअप रोडिओ बार्बेक्यू निवडा. तिथे आपण सगळे 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या अँडी या मुलाची खेळणी असतो. "अँडी येतोय" अशी हाक आली की अख्ख्या रेस्टॉरंटने आहे त्या स्थितीत गोठायचं.

मॅजिक किंगडममध्ये २०१२ साली उघडलेल्या, 'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या गोष्टीवरच्या बी अवर गेस्टमध्ये तीन दालनं आहेत, आणि कोणतं मिळतं त्यावर सगळं अवलंबून असतं. मोठ्या नृत्यदालनात खिडक्यांबाहेर बर्फ पडताना दिसतो. वेस्ट विंग मात्र अंधारी आहे. तिथे गडगडाट होतो आणि विजेच्या लखलखाटात भिंतीवरचं चित्र बदलतं. गडगडाटाला घाबरणारं मूल असेल तर दारातच नृत्यदालन मागा.

प्राणी आवडणाऱ्या कुटुंबांनी अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातलं सना विसरू नये. खिडकीबाहेर कुरणात जिराफ, झेब्रे चरत असतात. ब्रेड सर्व्हिस मागवली की वेगवेगळे नान आणि त्यांच्यासोबत नऊ चटण्या येतात. मुलं थोडं थोडं चाखत एकीकडे जिराफ बघत राहतात. पण उजेड हवा. ऑर्लँडोत डिसेंबरमध्ये संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वाआठनंतर. हिवाळ्यात सात वाजताचं टेबल घेतलंत तर खिडकीत स्वतःचंच प्रतिबिंब दिसेल. दुपारची वेळ घ्या.

दिवसात जेवण कुठे बसवायचं

पार्क उघडल्यानंतरचा पहिला दीड-दोन तास रांगा सर्वांत लहान असतात. तो वेळ टेबलावर घालवू नका. उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारनंतर बरेचदा विजांसह पाऊस येतो आणि उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवतात. मुलंही तेव्हाच दमलेली असतात. त्यामुळे दुपारी एक ते तीनमधलं, वातानुकूलित जागेतलं जेवण आम्हाला सर्वांत सोयीचं वाटतं. रात्री साडेआठचं टेबल सहज मिळतंय म्हणून घेऊ नका. ते सहज मिळतं, कारण त्या वेळी मुलं झोपेला आलेली असतात.

शेफ मिकीज, टोपोलिनोज, सना ही हॉटेलांतली रेस्टॉरंटं आहेत. तिथे जायला पार्कचं तिकीट लागत नाही. पोहोचण्याचा दिवस किंवा मधला विश्रांतीचा दिवस त्यांच्यासाठी ठेवा. याउलट पार्कातल्या रेस्टॉरंटला त्या दिवसाचं त्या पार्कचं तिकीट हवंच. फोर्ट विल्डरनेस या डिस्नेच्या मुक्कामाच्या ठिकाणचा हूप-डी-डू म्युझिकल रिव्ह्यू हा जेवणासोबतचा कार्यक्रम १९७४ पासून चालू आहे. तळलेलं चिकन आणि रिब्ज बादल्यांतून येतात, गाणी आणि धमाल असते. पण पैसे आधीच भरावे लागतात, आणि गाडीने गेलात तर वाहनतळापासून आत जायला पुन्हा बस घ्यावी लागते. संध्याकाळ पूर्ण मोकळी असेल तरच हा बेत करा.

उरलेल्या जेवणांसाठी काउंटरवरची रेस्टॉरंटं उत्तम. डिस्नेच्या ॲपवरून ऑर्डर द्यायची, वेळ निवडायची आणि पोहोचल्यावर "मी आलोय" हे बटण दाबायचं. अ‍ॅनिमल किंगडम पार्कातल्या पँडोरा विभागातलं सातूली कँटीन किंवा हॉलिवूड स्टुडिओजच्या गॅलेक्सीज एज विभागातलं डॉकिंग बे ७ इथे सजावट मोठ्या रेस्टॉरंटांच्या तोडीची आहे, आणि कुठलंही बुकिंग नको. अशा काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, बाटल्या विकत घेत बसू नका. लहान मुलांचं घरचं खाणंही पार्कात नेता येतं, फक्त काचेचं भांडं नको.

बुकिंग आणि बिल

टेबलाचं बुकिंग ६० दिवस आधी, पूर्व अमेरिकेच्या वेळेप्रमाणे सकाळी ६च्या सुमाराला उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना राहण्याच्या पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधी, एकाच वेळी पुढच्या १० दिवसांपर्यंतची टेबलं घेता येतात. म्हणून सर्वांत अवघड टेबल मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत ठेवा. त्या तारखांवर बाहेरच्या लोकांचं बुकिंग अजून उघडलेलं नसतं.

बऱ्याच ठिकाणी बुकिंगला कार्ड लागतं. न जाता, किंवा वेळेच्या २ तास आधी रद्द न करता राहिलात, तर माणशी १० डॉलर कापले जातात. या नियमाचा एक फायदाही आहे. लोक २ तास आधीपर्यंत टेबलं सोडत असतात. हवं ते मिळालं नसेल तर त्याच दिवशी ॲपवर पुन्हा पुन्हा बघा, शिवाय दारात पोहोचल्यावर थेट प्रतीक्षायादीत नाव घालायची सोयही तिथेच आहे.

बुफेत आणि सगळ्यांसाठी एकत्र वाढल्या जाणाऱ्या जेवणात ३ वर्षांखालच्या मुलाला पैसे पडत नाहीत. ३ ते ९ मुलांचा दर, १० पासून मोठ्यांचा. दहा वर्षांचं मूल चिमणीएवढं खात असेल, तर ठरावीक दराच्या बुफेऐवजी मेनूतून पदार्थ निवडायचं रेस्टॉरंट परवडतं. मेनूवरची किंमत शेवटची नसते. बहुतांश रेस्टॉरंटं ऑरेंज काउंटीत येतात, तिथे ६.५ टक्के विक्रीकर लागतो, त्यावर १८ ते २० टक्के टिप. म्हणजे समजा ६० डॉलर दिसले, तर हातातून साधारण ७५ जातात. तुम्ही ६ किंवा जास्त माणसं असाल तर १८ टक्के टिप बिलातच लावलेली असते. ती बघूनच सही करा, नाहीतर टिप दोनदा दिली जाईल.

ॲलर्जी असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा आणि टेबलावर बसल्यावर पुन्हा सांगा. ॲलर्जीसाठीचा वेगळा मेनू मिळतो, शंका असली तर स्वयंपाकघरातल्या शेफशी बोलता येतं. पूर्ण वनस्पतिजन्य पदार्थांपुढे मेनूवर हिरवं पान छापलेलं असतं.

आम्हाला काय कळवायचं

प्रवासाच्या निदान तीन महिने आधी आम्हाला एवढं कळवा: प्रवासाच्या तारखेला प्रत्येक मुलाचं वय किती असेल, घरी ते किती वाजता झोपतं, कशाला घाबरतं (अंधार, मोठा आवाज, मुखवटे), काय खाऊ शकत नाही, आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना किती चालवतं. आवडती पात्रं मुलांनाच विचारा आणि त्यांनी सांगितलेल्या क्रमाने लिहा. त्यावरून आम्ही तीन-चार पर्याय वेळांसकट काढून देतो. ६० दिवस आधी बुकिंग उघडेल तेव्हा तुमचा फोन चालू असू द्या, कारण पहिली पसंती हुकली तर दुसरी लगेच धरावी लागते.