एंडोमेट्रिओसिसची आनुवंशिक जोखीम आणि मराठवाडा

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर किंवा कधी आतड्यावर रुजून वाढतात, त्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना तो असतो. पाळीत असह्य दुखणे, संबंधाच्या वेळी किंवा शौचाच्या वेळी कळा येणे, दिवस न राहणे ही त्याची मुख्य लक्षणे. पाळीचे थोडे रक्त उलटे पोटात उतरणे हे बहुतेक स्त्रियांत घडते. पेशी रुजतात त्या मात्र काहींच्याच पोटात. असे का, याच्या उत्तराचा मोठा भाग आनुवंशिकतेत आहे.

ऑस्ट्रेलियातल्या (1999) आणि स्वीडनमधल्या (2015) जुळ्या बहिणींच्या अभ्यासांत स्त्रियांच्या जोखमीतला जवळपास निम्मा फरक आनुवंशिक असल्याचे दिसले. आई किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. लवकर वयात आलेली पाळी, दोन पाळ्यांमधले कमी अंतर आणि मूल नसणे याही गोष्टी जोखमीशी जोडलेल्या आहेत.

एकट्या कुठल्या जनुकामुळे हा आजार होत नाही. 2010 मध्ये जपानी स्त्रियांच्या अभ्यासातून नवव्या गुणसूत्रावरची, या आजाराच्या जोखमीशी जोडलेली एक जागा पुढे आली. पुढच्या अभ्यासांत डब्ल्यूएनटी4, ग्रेब1, ईएसआर1, एफएसएचबी अशा जनुकांजवळचे बदल सापडले. यांतले बरेचसे इस्ट्रोजेन आणि पाळीच्या संप्रेरकांशी संबंधित आहेत. 2023 मध्ये युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या 60 हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या माहितीतून अशा 42 जागा निश्चित झाल्या. मायग्रेन आणि पाठदुखी यांच्याशीही या आजाराचा आनुवंशिक दुवा त्यात दिसला. त्या सगळ्या जागा मिळून जोखमीतला सुमारे 5 टक्के फरकच उलगडतो. म्हणून रक्त तपासून 'तुला हा आजार होणार' असे सांगणारी भरवशाची चाचणी आज नाही. गर्भाशयाबाहेर रुजलेल्या पेशींत आढळणारे केआरएएस नावाच्या जनुकातले बदल वेगळे: ते जन्मतः नसतात, नंतर त्या पेशींतच घडतात आणि मुलीकडे जात नाहीत.

चाचणी नाही, तेव्हा घरचा इतिहास हाच आनुवंशिक जोखमीचा सर्वांत उपयोगी पुरावा. मराठवाड्यात नेमका तोच हरवतो. राज्य शासनाच्या समितीने 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्या सगळ्यांना एंडोमेट्रिओसिस होता असे मुळीच नाही. पण पांढरे जाणे, अंगावर जाणे, ओटीपोट दुखणे अशा तक्रारींवर तिशी-पस्तिशीत पिशवी काढली जाते आणि मूळ आजाराचे नाव कुठेच नोंदले जात नाही, तेव्हा मुलगी डॉक्टरसमोर बसून एवढेच सांगू शकते, 'आईची पिशवी काढलीय.' हे फार मोठे नुकसान आहे. शिवाय पिशवी काढल्याने बाहेर रुजलेल्या पेशी जातीलच असे नाही. बीजकोश शाबूत असतील तर दुखणे परत येऊ शकते.

दुसरी गोष्ट नात्यांची. जोखीम वाढवणारे बदल वडिलांकडूनही येतात. त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो, त्यांच्या बहिणीला असू शकतो. त्यामुळे आई, मावशी, आजी यांच्याइतकेच आत्याविषयी विचारायला हवे. आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत मराठवाड्यातल्या अनेक समाजांत आहे. तिथे आत्याच सासू असते, आणि सुनेच्या दुखण्याची चौकशी करताना सासूचा त्रासही सुनेच्या रक्ताचा इतिहास म्हणून मोजावा लागतो. नात्यातल्या लग्नामुळे हा आजार होतो, असा अर्थ यातून काढू नये.

आजार ओळखायला अनेकदा सात-आठ वर्षे किंवा त्याहून जास्त काळ जातो. सोनोग्राफीत बीजकोशावरची चॉकलेट सिस्ट (जुने, काळपट रक्त साठलेली गाठ) दिसते, ओटीपोटाच्या पडद्यावरचे या आजाराचे बारीक ठिपके बहुधा दिसत नाहीत. म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल' एवढ्यावर पाळीला शाळा बुडवणाऱ्या मुलीची तक्रार मिटवू नये, विशेषतः घरात कुणाला असाच त्रास असेल तर. भारतीय स्त्रियांची आनुवंशिक माहिती जमवण्याचे काम मुंबईच्या परळ भागातल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या पुढाकाराने, देशातल्या अनेक केंद्रांमधून हाती घेतले गेले आहे.